थुंकीचा पेला

यात्सुशिरोचे तोकुजि इसोझाकी
दर सोमवारी निळ्या फडक्यात गुंडाळून आणत
आदल्या दिवसभराचा पेला.
पेल्यावर रेघा : पन्नास, शंभर, दीडशे.
मी वहीत आकडा लिहायची,
वर बघायची नाही.

चाळीस वर्षं चटयांचं गवत कापलं,
चिखलाच्या पाण्यात बुडवलं, वाळवलं, विणलं.
गवताचा धुरळा हो, दुसरं काय, बायको म्हणे.
डॉक्टर म्हणत, धुरळा नाही.
मग काय, ते मात्र सांगत नसत.

बशीत हिरवा जंतू वाढे,
त्याला पिकल्या द्राक्षांचा वास.
नव्या मुली आधी वास घेऊन हसत,
मग कुणी सांगितलं की हात धुवायला जात.

भारी औषधं झाली. सुया झाल्या.
जंतू आठवडाभर दडी मारून बसे, पुन्हा वर येई.
शेवटी कुसाकाबे डॉक्टरांनी काढली
कपाटातली जुनी, स्वस्त गोळी,
घसा धरला की पोरांना देतात ती.
मात्रा निम्मी.
आणि महिनेच्या महिने दिली,
थांबवायचं विसरले की काय, असं वाटेपर्यंत.

पेला उतरू लागला.
शंभर. सत्तर. चाळीस.
थंडी पडली तेव्हा तळाशी नुसती ओल.

आणि बशी?
बशीत तोच जंतू, तेवढाच हिरवा.
मी तीनदा लावून पाहिली.
चिठ्ठ्या तपासल्या, दुसऱ्याच कुणाचा नमुना तर नाही?
धीर करून वर गेले :
डॉक्टर, औषधानं जंतू मेलेला नाही.
ते चष्मा पुसत म्हणाले,
माणूसही मेलेला नाही.

मग काचपट्टी पाहिली.
जिथे पांढऱ्या पेशी मोजता मोजता बोट दुखायचं
तिथे आता पाच. सात.
मधे मोकळी जागा, चक्क मोकळी,
बाजार उठल्यावरच्या मैदानासारखी.

पुढे कितीतरी वर्षांनी कळलं थोडंफार.
श्वासनळीच्या अस्तरातली पेशी
दवंडी पिटत होती रात्रंदिवस :
धावा, धावा!
आणि पांढरी पलटण धावत होती,
चोर राहिला बाजूला,
घराच्याच भिंती पाडत होती.
गोळी कुणाला मारायला गेलीच नव्हती.
ती पेशीच्या आत शिरून बसली,
रक्तात असते त्याच्या कितीतरी पट साठून,
आणि दवंडीवाल्याचा हात धरला :
पुरे आता.

एवढंच का, ते मला अजून नीट सांगता येत नाही.
सांगणाऱ्यांचंही एकमत नाही.

औषध मुळात मातीतल्या जिवाचं,
दूरच्या कुठल्याशा बेटावरच्या मुठीभर मातीतलं,
हे मीच तोकुजिसानना सांगितलं.
ते हसले. न खोकता हसले.
चिखलाच्या माणसाला चिखलाचंच औषध, म्हणाले,
आणि आपल्याच हसण्याचा आवाज ऐकून
दचकले थोडे.

नंतर एका सोमवारी पेला न घेताच आले.
हातांचं काय करावं, ते कळेना त्यांना.
रिकामं निळं फडकं घडी करत बसले,
उलगडत, पुन्हा घडी करत.
बोटं गवतानं हिरवी.

त्या संध्याकाळी मी जुन्या वह्या काढल्या.
काढायला नको होत्या.
साकामोतोचे शिक्षक, होन्दोची ती शिंपीण,
आमच्याच गल्लीतला नाओतारो, वय छत्तीस.
माझंच अक्षर.
शंभर, एकशे चाळीस, दोनशे दहा,
आणि पुढे ओळ कोरी.

ती गोळी तेव्हाही कपाटात होती.
दुसऱ्या फळीवर, डावीकडे.
मी रोज तिच्यावरची धूळ पुसत असे.